खुर्ची आजींची, रांग सगळ्यांची

अमेरिकेतल्या मुलाने आई-वडिलांना उन्हाळ्यात बोलावून घेतलं की दौरा ठरलेलाच असतो. नायगारा, न्यूयॉर्क आणि नातवंडांचं निमित्त करून फ्लोरिडातलं डिस्ने वर्ल्ड. आजींचे गुडघे मुंबईच्या विमानतळावरच संप पुकारतात, त्यामुळे तिथे एक व्हीलचेअर, उतरल्यावर दुसरी आणि पार्कच्या दारात भाड्याची तिसरी. आजी खुर्चीत टेकल्या की सुनेपासून साडूपर्यंत सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकदम तेज चढतं. आजींच्या सोयीचा आनंद त्यात थोडासा असतो. बाकीचा आनंद ‘आता रांग नाही’ याचा.

ही समजूत एके काळी अगदीच खोटी नव्हती. तिचा धंदा कसा झाला, ते मे २०१३ मध्ये ‘न्यूयॉर्क पोस्ट’ने छापलं. मॅनहॅटनमधली काही धनाढ्य कुटुंबं डिस्नेला जाताना एक अपंग ‘मार्गदर्शक’ सोबत नेत होती आणि घरचंच माणूस म्हणून पुढे करत होती. दर ताशी १३० डॉलर, आठ तासांच्या दिवसाचे १,०४०. पोरांनी रांग न लावता पाळण्यात बसावं, म्हणून आत्या भाड्याने! आपल्याकडे सख्ख्या आत्याला लग्नाला न्यायचं म्हटलं तरी गाडीत जागा नसते.

कंपनी जागी झाली. ऑक्टोबर २०१३ मध्ये अपंगांसाठीचं जुनं सवलतीचं कार्ड बंद झालं आणि नवी योजना आली: थेट आत शिरायचं नाही, परत यायची वेळ घ्यायची. मे २०२४ मध्ये फ्लोरिडात ती आणखी आवळली. स्वमग्नता किंवा तत्सम विकासात्मक अपंगत्वामुळे ज्यांना रांगेत फार वेळ थांबणं शक्य नाही, त्यांच्यासाठीच ती राहिली, तीही व्हिडिओवर बोलणं झाल्यावर. नुसती व्हीलचेअर आता सहसा पुरत नाही. कंपनीचं म्हणणं साधं आहे: रांगेची वाट रुंद आहे, खुर्ची तिच्यातून जाते, तर मग जाऊ द्या. तक्रारीला जागा नाही. आजी रांगेतच असतात, फक्त बसलेल्या.

गंमत पुढे आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीने रांग टाळायचा नवा पास काढला. मॅजिक किंगडम या पार्कात गर्दीच्या दिवशी त्याची किंमत तेव्हा माणशी ४४९ डॉलरपर्यंत होती. प्रवेशाचं तिकीट वेगळं. म्हणजे २०१३ मध्ये जी लबाडी होती, ती आता पावतीसह मिळते, आणि आत्याचीही गरज उरलेली नाही.

पाळण्यापर्यंत पोचल्यावर खरा हिशेब सुरू होतो. जंगलातल्या बोटीत खुर्चीसकट जाता येतं. अंतराळाच्या अंधारात भिरभिरणाऱ्या गाडीत बसायचं तर खुर्चीतून उठून सीटवर सरकायला हवं. कर्मचारी हसून स्वागत करतील, दार उघडतील, शुभेच्छा देतील, पण उचलणार नाहीत. तसा नियमच आहे. उचलायचं घरच्यांनी. रांग टळणार म्हणून जमलेली मंडळी नेमकी याच वेळी पॉपकॉर्न आणायला गेलेली असतात.

कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये २००९ साली बाहुल्यांच्या गाण्याची प्रसिद्ध बोट बंद पडली. बाकीचे चालत बाहेर आले. व्हीलचेअरवरचे एक गृहस्थ मात्र सुमारे अर्धा तास आतच अडकले, आणि गाणं चालूच. २०१३ मध्ये कोर्टाने त्यांना ८,००० डॉलर देवविले. ते गाणं ज्यांनी एकदा तरी ऐकलंय, त्यांना रक्कम कमीच वाटेल.

कोर्टात जायची सोय होती, कारण १९९० पासून तिथे अपंगांच्या हक्कांचा कायदा आहे, आणि २०१० च्या मानकांनी तर पाळण्यांचीही दखल घेतली. त्याच २०१० साली टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत गॉर्डन हार्टमन यांनी आपल्या मुलीच्या नावाने ‘मॉर्गन्स वंडरलँड’ सुरू केलं. तिथे झोक्यावर आणि मेरी-गो-राउंडवर खुर्चीसकट चढता येतं आणि अपंगांना तिकीट नाही. २०१७ मध्ये शेजारी पाण्याचं पार्क आलं. तिथल्या खुर्च्या बॅटरीऐवजी दाबलेल्या हवेवर चालतात, म्हणून बिनधास्त भिजतात. तिथे भाड्याची आत्या नेणाऱ्याचा मात्र सगळा खर्च पाण्यात जाईल.

आजी सहा महिन्यांनी परत येतात आणि नातवंडांचा दुसरा संच त्यांना इथल्या एखाद्या पार्कात नेतो. इथे रांगेचा वाद नाही. दारातच पाच पायऱ्या असतात. उतार असतो, पण असा की वर जाताना ढकलणारा दमतो आणि खाली येताना बसणारी देवाचं नाव घेते. एक फूट उंचीला किमान बारा फूट उतार हे प्रमाण सरकारी पुस्तकात आहे. पुस्तक कचेरीत आहे. आजींनी तोंड उघडायच्या आत चार तगडे रखवालदार येतात, खुर्ची पालखीसारखी उचलतात आणि आत नेऊन ठेवतात. व्यवस्थापक कौतुकाने म्हणतात, “रॅम्प कशाला, आजी? आपल्याकडे माणसं आहेत ना!” स्वच्छतागृहाच्या दाराशी ही माणसं दिसत नाहीत.

कायदा आपल्याकडेही आहे, २०१६ चा. त्याच्या व्याख्येत करमणुकीच्या खासगी इमारतीही येतात. जुन्या इमारती सुगम करायला नियम निघाल्यापासून पाच वर्षं होती. ती जून २०२२ मध्ये संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सांगितलं की सुगमतेचा मूळ नियमच कायद्याशी विसंगत आहे. कायदा सक्ती करतो आणि नियमाखालची मार्गदर्शक तत्त्वं नुसती शिफारस करतात. सक्तीचे नियम आखायला सरकारला मुदत मिळाली तीन महिन्यांची. काँक्रीटचा उतार २८ दिवसांत पक्का होतो.