मंगला गौरीच्या गल्लीत चित्रकार्डे दाखवण्याची शास्त्रोक्त पद्धत

बनारसच्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढून मंगला गौरीच्या देवळाकडे यावे, तो हा मोहल्ला. इथल्या मराठी घरांत घर मराठी, गल्ली बनारसी आणि नातवंडे गल्लीला फितूर. अशा फितुरांना चित्रकार्डांवरून मराठी शब्द शिकवू पाहणारे आजी-आजोबा, आई-बाबा आणि जबरदस्तीने बसवलेले काका यांच्यासाठी पुढील सूचना आहेत.

कार्डे पुण्याहून मागवली असल्यास आधी चाळून घ्यावीत. ए एडक्याचा आणि ऐ ऐरणीचा बाजूला काढावेत. आजोबांनीसुद्धा एडका पाहिला तो कार्डावरच. बैलाचे कार्ड जपून वापरावे. त्यावरचा बैल मान खाली घालून औत ओढतो. दारात गल्ली अडवून बसलेला प्राणी तसले काही करत नाही. मूल एकदा कार्डाकडे, एकदा दाराकडे बघून म्हणते, "ये वाला नहीं." वाद घालू नये. पुरावा त्याच्या बाजूने आहे आणि वजनदार आहे.

एका बैठकीला पाच कार्डे पुरे. पद्धत जुनी आहे. शिक्षणतज्ज्ञ कोमेनियसने 1658 साली न्युरेंबर्गला चित्रांचे पुस्तक छापून मुलांना लॅटिन शिकवायला घेतले. पुढे माँटेसोरीबाईंनी सेगँ या फ्रेंच डॉक्टरच्या तीन पायऱ्या उचलल्या : "हे केळं." "केळं कुठलं, दाखव." "हे काय?" तिसऱ्या पायरीला आपल्याकडे "तुला माहीत नाही?" असे उत्तर येते. ते मराठीत आले असेल तर पूर्ण गुण द्यावेत.

शब्द सुटा सांगू नये. तो आंबा, ती पोळी, ते केळं, असा जोडीनेच सांगावा. हिंदीत दोनच लिंगे असल्याने मुलाला 'ते' म्हणजे मोठ्यांनी छळायला काढलेली युक्ती वाटते, आणि चित्रावरून तर काहीच कळत नाही. तोंडातली कचौडी-जिलेबी संपल्याशिवाय 'कमळ' काढू नये, 'ळ'ला जीभ मोकळी हवी. हिंदी शब्द चालवून घेऊ नये, सनईला मात्र सूट आहे. शेजारच्या बालाजी मंदिरात बिस्मिल्ला खान रियाज करीत, त्यामुळे या मोहल्ल्यात मूल 'शहनाई' म्हणाले तर मुकाट्याने पुढचे कार्ड घ्यावे.

नात्यांच्या कार्डांवर पैसे घालवू नयेत. पदर घेतलेली एकच बाई आत्या, काकू, मामी आणि मावशी म्हणून चार कार्डांवर हसत असते. प्रत्यक्षात हसणाऱ्या त्या चार असतात आणि चौघींची कारणे निराळी. त्यापेक्षा घरात कुणावरून काही बोलणे निघाले की मुलाला जवळ बसू द्यावे. कोण कुणाची कोण, हे त्याला एका संध्याकाळीत पाठ होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालवाडी सुरू केली, तेव्हा पाने, शिंपले, खडे असे भोवती मिळेल तेच साहित्य केले. आपल्या भोवती नातेवाईक मिळतात.

क्रियापदांची कार्डेही अशीच फसवी. 'पळणे' या कार्डावर एक मुलगा एका पायावर उभा असतो, आणि मूल त्याला 'लंगडा' म्हणते. मग विषय आंब्यावर जातो, तो जातोच. क्रियापदांसाठी श्रावणातली मंगळागौर राखून ठेवावी. आत्याला झिम्मा-फुगडीला उभे करावे : धर, सोड, वाक, वळ, फिर, दमले! यातले एकही चित्रात मावत नाही. फक्त तारखेचा घोळ संभाळावा. इकडचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला, म्हणून गल्लीतला सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. श्रावणाचे कार्ड पुढे करताच मूल विचारते, "अब?" हे पंधरा दिवस सरावासाठी आहेत असे ठणकावून सांगावे आणि शेजारच्या मुलींनाही बोलवावे.

फुगडीला दोन्ही हात लागतात, तेव्हा कार्डे खाली ठेवावी लागतील. उघड्या गच्चीवर ठेवू नयेत. ठेवलीच आणि माकडाने केळ्याचे कार्ड नेले, तर धावू नये. मुलाला "टाक! खाली टाक!" असे मराठीतून ओरडायला लावावे. "वो हिंदी ही समझता है," असे ते सांगेल. त्यावर आजोबांनी स्वतः ओरडून दाखवावे.