पाकिटातला गनर

पेरांबूरच्या कोच फॅक्टरीतून निवृत्त झालेली माणसं एकतर तिरुपतीला जातात, नाहीतर गुडघे बदलायला. आमच्या काकांनी मूर मार्केटच्या रद्दीतून दुसऱ्या महायुद्धातलं एक रिकामं पाकीट उचललं आणि ते कामाला लागले.

पाकिटावर ‘ऑन ॲक्टिव्ह सर्व्हिस’, सेन्सॉरचा मुकुटवाला शिक्का, फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर आणि पाठवणाऱ्याची सही: कुणी गनर, रॉयल आर्टिलरी. पुढे रेजिमेंटचा आकडा. त्यातला मधला तीन की आठ, ते शाईच्या डागाखाली गेलंय. त्या डागावर काका जगतात.

पलटण कुठे आहे हे शत्रूला कळू नये म्हणून लष्कराने टपालावर गावाऐवजी नुसता नंबर टाकायची व्यवस्था केली होती. जपानी केव्हाच घरी गेले. अजून चकतायत ते एकटे आमचे काका.

“अहो, गॅसचा नंबर लावलात का?” काकू विचारतात.

“फील्ड रेजिमेंट असेल तर पंचवीस पौंडी तोफा, एकूण चोवीस. विमानविरोधी असेल तर सगळंच बदललं!”

“मग गनरसाहेबांनाच सांगा सिलिंडर उचलायला.”

पाहुण्याच्या हाती पाण्याच्या भांड्याआधी भिंग येतं. “तीनच आहे ना?” आठ म्हणणाऱ्याला त्या घरात दुसरा अप्पलम मिळत नाही. मी अनुभवाने तीन म्हणतो.

अधूनमधून काका छत्री घेऊन नंदंबाक्कमच्या युद्ध दफनभूमीत जातात. दुसऱ्या महायुद्धातली साडेआठशेच्या वर थडगी, अगदी कवायतीला उभी असल्यासारखी. दक्षिण आणि पूर्व भारतातल्या किती तरी ठिकाणांहून ती इथे हलवलेली. तेव्हा नाव सापडलं तरी त्यावरून पलटणीचा मुक्काम ठरत नाही, हे काकांना पक्कं ठाऊक आहे. तरी एकेक दगड वाचतात. नाव सापडलं नाही की खुशीत येतात. “सुटला रे पोरगा!” म्हणत येताना मलाही कॉफी पाजतात.

परवा लंडनहून भाच्याचा फोन आला. “मामा, क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये पलटणींच्या वॉर डायऱ्या आहेत. दोन्ही नंबरांच्या काढून फोटो पाठवतो. एका दिवसाचं काम.”

काकांचा चेहरा पडला. “नको, नको. लढाईच्या धांदलीत खरडलेल्या त्या. त्यांच्यावर किती विसंबायचं?”

फोन ठेवला, बनियनच्या टोकाने भिंग पुसलं आणि पाकीट माझ्यापुढे सरकवत म्हणाले, “नीट बघ रे. हा पाच तर नसेल?”