टॉप मॉडेल

गाडी घेतली एवढं सांगून हल्ली कोणाचं समाधान होत नाही. 'टॉप मॉडेल का?' हा पुढचा प्रश्न ठरलेला. त्यावर 'नाही हो, मधलं घेतलं' असं उत्तर देणाऱ्याकडे लोक ज्या नजरेने बघतात, ती नजर मुलाला दहावीत अठ्ठावन्न टक्के पडले असं सांगणाऱ्या बापाच्या चांगल्या ओळखीची असते. म्हणून आम्ही टॉप मॉडेलच घेतलं. मधल्या आकाराची सेडान, घरातल्या पाच जणांसाठी. आता गाडीत सोयी इतक्या आहेत की त्यांची सोय लावता लावता जीव जातो.

प्रीमियर पद्मिनीत अशा अडचणी नव्हत्या. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या त्या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असे, त्यामुळे पुढचं बाकडं सलग आणि त्यावर तिघं आरामात. पुढच्या दाराला एक तिकोनी काच होती. ती उलटी फिरवली की वारा थेट तोंडावर. आजच्या भाषेत क्लायमेट कंट्रोल. बोरघाटात इंजिन तापलं की शिंगरोबाच्या देवळात नाणं वाहायचं, बॉनेट उघडायचं आणि डबे काढायचे. रेडिएटरच्या निमित्ताने सगळ्या घराला विश्रांती मिळे. पुढे 1998 मध्ये होंडा सिटी आली आणि 'बटण दाबलं की काच खाली जाते' हे बघायला लोक दुसऱ्याच्या गाडीत बसू लागले. 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही वयोमर्यादेच्या नियमाने रस्त्यावरून उतरली. आता काच खाली जाण्याचं कौतुक कोणाला नाही. आता छप्पर उघडावं लागतं.

शोरूममधला मुलगा फार चुणचुणीत होता. "सर, व्हेंटिलेटेड सीट्स आहेत, वायरलेस चार्जर आहे, मागे एसी व्हेंट, मागच्या काचेला पडदा, अँबियंट लायटिंग, सनरूफ…" तो श्वास घ्यायला थांबला तेव्हा आईने विचारलं, "छत्री ठेवायला जागा आहे का?" त्याने माझ्याकडे बघितलं. मी अँबियंट लायटिंगकडे बघितलं.

व्हेंटिलेटेड सीटचं प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवं. सीटच्या चामड्याला, म्हणजे चामड्यासारख्या दिसणाऱ्या रेक्झिनला, बारीक भोकं असतात आणि आत छोटा पंखा. बटण दाबलं की पाठीशी हवा खेळते. ही हवा थंड वगैरे नसते हं, गाडीत असेल तीच. पण घाम वाळतो. एप्रिलात दुपारी सोलापूरकडे निघालं की ही काय चीज आहे ते पाठीला कळतं. मात्र ही चैन फक्त पुढच्या दोन सीटांना, आणि माझ्याशेजारच्या सीटवर गुडघ्यांच्या कारणाने आईचा हक्क. पहिल्याच सिग्नलला ती म्हणाली, "खालून वारं कुठून येतंय रे? दार नीट लागलं नाही वाटतं." मी उत्साहाने सगळी यंत्रणा समजावून सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे मला पंख्यावर बसवलंयस?" तेव्हापासून गाडीत बसायच्या आधी ती सीटवर चौघडी अंथरते. कंपनीने पाडलेली सगळी भोकं आमच्या घरच्या सुती चादरीखाली सुखाने झोपलेली आहेत.

आईलाच कशाला नावं ठेवायची? शोरूममधून निघालेली नवी गाडी आधी देवळात जाते आणि मग थेट सीटकव्हरवाल्याकडे. आमच्या शेजारच्या काकांनी हवेशीर सीटवर जाडजूड कव्हर चढवलं, कव्हर मळू नये म्हणून त्यावर टॉवेल टाकला आणि आता 'या फीचरमध्ये काही दम नाही' असं ते सोसायटीभर सांगतात. सीटच्या कुशीत एअरबॅग असते, ती कव्हरने अडू शकते, असं मी त्यांना सांगून पाहिलं. "टॉवेल काढतो हवं तर," ते म्हणाले.

सनरूफबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पुण्यात एप्रिलमध्ये सूर्य डोक्यावर घ्यायला पैसे मोजायची गरज नसते. पावसाळ्यात ते उघडता येत नाही, उन्हाळ्यात उघडवत नाही आणि हिवाळ्यात आई म्हणते, "कानाला वारं लागतंय." त्यातून डोकं बाहेर काढून उभं राहणं धोक्याचं, म्हणजे मुलांना ज्यासाठी ते हवं असतं तेवढंच करायचं नसतं. शिवाय सनरूफच्या चौकटीतलं पाणी वाहून जायला कोपऱ्यांत बारीक नळ्या असतात. गुलमोहराखाली गाडी लावणाऱ्यांनी त्या नळ्यांची ओळख करून घ्यावी. पाकळ्या आणि बारीक पानं अडकून त्या तुंबल्या की पहिल्या मोठ्या पावसात पाणी आतल्या छताला येतं. ते थेंब थेंब मानेवर पडायला लागलं की मागच्या सीटवरून आवाज येतो, "अहो, तुमचं टॉप मॉडेल गळतंय!"

हा आवाज बायकोचा. तिचं आणि मागच्या आर्मरेस्टचं जुनं वैर आहे. पाठीतून खाली ओढायचा तो टेकू, त्यात दोन कप ठेवायची भोकं; माहितीपत्रकाच्या फोटोत एक साहेब त्यावर कोपर टेकून लॅपटॉप बघत असतो. सेडानची मागची सीट मुळात या साहेबासाठी आखलेली असते. पडदा त्याचा, एसी व्हेंट त्याची, पाय पसरायची जागा त्याची. आमच्याकडे साहेब गाडी चालवतो आणि मागे बायको, मुलगी आणि वडील अशी तिघं. तिघं बसली की आर्मरेस्ट मधल्याच्या पाठीत मिटून जातो. मधल्या माणसाच्या पायाशी उंचवटा, त्यामुळे गुडघे हनुवटीजवळ, आणि एसीचा झोत नेमका त्या गुडघ्यांवर. पाच जणांची म्हणून घेतलेल्या गाडीतली निम्मी चैन चारच जण असतील तर मिळते, हे कोणी आधी सांगत नाही.

शिवाय गाडी बोलते. बोलते कसली, कुरकुरते. पुढच्या सीटवर आंब्यांची पेटी ठेवली की तिला तो माणूस वाटतो आणि पट्टा लावेपर्यंत ती टिंगटिंग थांबवत नाही. देवगडच्या हापूसला सीटबेल्ट लावून घरी आणल्याचा मान आम्हाला मिळालेला आहे. पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवर सपाटीला ताशी 100 चालतात. पण 2019 पासूनच्या नियमानुसार 80 ओलांडले की गाडी इशारा द्यायला लागते आणि 120 च्या पुढे थांबतच नाही. सरकारनेच परवानगी द्यायची आणि सरकारनेच दटावायचं, याला म्हणतात घरचं वातावरण.

त्यावर कडी म्हणजे लेन सांभाळणारी यंत्रणा. गाडी पट्ट्याबाहेर सरकली की स्टिअरिंग थरथरतं. हे दोनचार वेळा झालं की समोर कॉफीच्या कपाचं चित्र उमटतं: तुम्हाला झोप येतेय, थांबा. आपल्याकडे खड्डे चुकवत चालवणारा शहाणा माणूस गाडीला झोपाळू वाटतो, आणि डोळे मिटून सगळ्या खड्ड्यांतून सरळ जाणारा जागा!

मागचा कॅमेरा मात्र खरोखर कामाचा. पडद्यावर हिरव्या, पिवळ्या, लाल रेघा येतात, अंतर कमी होईल तसा आवाज वाढतो. तरी आमचे वॉचमन धावत येतात, गाडीच्या मागे, म्हणजे बरोबर कॅमेऱ्यासमोर, उभे राहतात आणि हात हलवतात, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या…" गाडी त्यांनाच अडथळा समजून किंचाळत असते. मग मोठ्या आवाजात "बास!" होतं. तेव्हा भिंत वीतभर लांब असते आणि वॉचमन त्याहून कमी.

डिकीला मात्र नावं ठेवणार नाही. मधल्या सेडानची डिकी साधारण पाचशे लिटरची असते. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांवरचा कर घटला, तेव्हापासून धाकट्या सेडानच्या शेपट्या कापल्या गेल्या. थोरलीची शाबूत आहे. गावाहून येताना तांदूळ, नारळ, फणस आणि 'असू दे रे, लागेल' म्हणून दिलेलं सगळं तिच्यात मावतं.

खरी गोष्ट राहिलीच. सेडान बसकी असते. आत शिरताना माणूस सीटवर बसत नाही, पडतो. आणि उतरताना त्याला कोणीतरी ओढावं लागतं. सगळं शहर उंच एसयूव्हींकडे का वळलं याची मोठमोठी कारणं जाणकार देतात. मला वाटतं, निम्म्या घरांतला निर्णय गुडघ्यांनी घेतला. आमच्या गाडीत चौसष्ट रंगांचा उजेड आहे, पण दाराच्या वर आईच्या हाताला लागेल तिथे एक घट्ट कडी आहे, तीच ती रोज वापरते.

तेव्हा गाडी बघायला जाल तर माहितीपत्रक घरी ठेवा आणि घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस बरोबर न्या. त्यांना आधी पुढे, मग मागे बसवा, उतरवा, परत बसवा. आणि हो, छत्री न्यायला विसरू नका. ती कुठे ठेवायची ते विकणाऱ्याला विचारा.