केळव्याचे जबडे सुटले

ऐकलंत का? मग जरा जवळ या, हे मोठ्यानं सांगण्यासारखं नाही. केळव्याच्या किनाऱ्यावर, सुरूच्या बनात, सकाळी साडेसहाला चांगल्या घरच्या बायका जिभा बाहेर काढून उभ्या असतात. एखाददुसरी नव्हे, चांगल्या पंधरा-सोळा. डोळे वटारलेले, पंजे उगारलेले आणि जीभ पार हनुवटीवर. परवा रविवारी बाहेरगावचं एक कुटुंब समुद्र बघायला म्हणून पहाटे उठून आलं, तर त्यांच्या पोरानं जे भोकाड पसरलं ते घोडागाडीचं आमिष दाखवलं तरी आवरेना.

काय चाललंय म्हणून विचारलं तर उत्तर आलं, "जबडा सैल करतोय."

जबडा! या गावात आजवर बायकांचे गुडघे दुखले, कंबर धरली, पित्त खवळलं. हे सगळं रीतसर होतं. आता जिला विचारावं तिचं कानशील ठणकतंय, जांभई दिली की कानापुढे कट् वाजतंय. हळदीकुंकवाला वाण काय लुटलं हे कोणी विचारत नाही. "तुझी किती बोटं जातात गं?" असं विचारतात आणि तोंड पुरतं उघडतं हे दाखवायला तिथल्या तिथे तीन बोटं उभी करून तोंडात घालून दाखवतात. कुंकू लावलेल्या बाईनं आ वासून बोटं कोंबलेली बघायला आमची आजी नाही, हे बरंच झालं.

सुरुवात झाली आमच्या आळीतल्या काकूंपासून. (नाव घेत नाही, उद्या त्यांच्याच वाडीतली पानं मला हवी आहेत.) काकू रात्री दात खातात. जुन्या माणसांच्या मते याचा अर्थ एकच, पोटात जंत, वावडिंग द्या. पण दाताच्या डॉक्टरांनी झिजलेल्या दाढा बघून सांगितलं की जंत नाहीत, ताण असेल. काकू चकित. "मला कसला ताण? सून तर इतकी गुणाची!" हे वाक्य त्यांनी दात आवळूनच उच्चारलं, असं सून सांगते.

डॉक्टरांचं म्हणणं साधं होतं. वरचे-खालचे दात एकमेकांना टेकायचे ते घास चावताना आणि गिळताना, दिवसाचे सगळे मिळून अर्धा ताससुद्धा नाही. बाकीचा वेळ दातांत फट हवी. आपण मात्र दिवसभर दातावर दात ठेवून कुणाकुणाचं ऐकून घेतो. कानापुढचा हा सांधा दाराच्या बिजागरीसारखा नुसता फिरत नाही, तोंड मोठं उघडलं की पुढे घसरतोही. मध्ये एक छोटी चकती असते, ती जागची हलली की तो कट् येतो. दुखत नसेल तर नुसत्या आवाजासाठी काही करायचं नसतं. पण एवढं साधं ऐकून केळवे गप्प बसणार?

काकूंच्या माजघरात दुपारी बघाल तर विधी चाललेला असतो. जुना पंचा कढत पाण्यात बुडवून पिळायचा, गालफडाला दहा मिनिटं धरायचा. मग दात आवळल्यावर गालात टणकन वर येणारा गोळा बोटांनी शोधायचा, दात सुटे करायचे आणि त्यावर दोन बोटं हळूहळू गोल फिरवायची. हे खरंच बरं वाटतं हो, मी चोरून करून पाहिलंय. पण स्वयंपाकघरात जे झालं ते अति झालं. जबड्याला विश्रांती म्हणून घरात पेज, मऊ भात, ताडगोळे आणि सातपाटीहून आणलेले ओले बोंबील, तेही कालवणातले. काकांनी वसईची सुकेळी मागवली होती, ती काकूंनी डब्यासकट शेजारी दिली. चिवट म्हणे!

त्याच घरात वरच्या खोलीत पुतण्याचं उलट चाललंय. तो जबडा टोकदार व्हावा म्हणून दिवसभर रबरासारखं काहीतरी चघळतो आणि जीभ टाळूला दाबून धरतो. या जीभ दाबण्याला म्यूइंग म्हणतात, जॉन म्यू नावाच्या इंग्रज दंतवैद्यावरून. खाली सैल, वर घट्ट. एका जिन्याचं अंतर.

तशी ही खुळं आजची नाहीत. 1934 साली जेम्स कॉस्टन या अमेरिकी कान-नाक-घशाच्या डॉक्टरानं अकरा रुग्ण बघून कानदुखीचं खापर दातांच्या चावावर फोडलं आणि पुढे कित्येकांचे धडधाकट दात घासून चाव बसवण्याची लाट आली. आता जाणकार म्हणतात, आधी असंच करा जे उद्या मागे घेता येईल. शेक मागे घेता येतो, घासलेली दाढ नाही. आणि ती किनाऱ्यावरची जीभ? तो आपला सिंहच. योगातलं सिंहासन जुनंच होतं, पण 13 मार्च 1995 रोजी मुंबईत लोखंडवाल्यात डॉ. मदन कटारियांनी पाच जणांना घेऊन हास्ययोग सुरू केला, त्यात सिंहहास्य आलं आणि बागाबागांतून जिभा बाहेर पडल्या. केळव्याला पोचायला एवढी वर्षं लागली इतकंच.

पुरुषमंडळी पारावर बसून हसतात. हसोत. त्यांच्यातल्या एकाची बोटं मोजली तर दीडच्या वर जाईनात, आणि मग हसू आटलं. पानमळ्यांच्या या गावात पान कुणी वाईट म्हणणार नाही, पण पानाच्या आत दडते ती सुपारी. तिच्यानं गाल आतून चिवट होत जातात, तोंड मिटत जातं आणि पुढे कर्करोगाची भीती. गुटखा महाराष्ट्रात 2012 पासून बंद आहे; कुठे बंद आहे ते टपरीवाल्याला विचारा. अशा मिटत चाललेल्या तोंडाला पंचाही चालत नाही, सिंहही. सुपारी थुंकून सरळ डॉक्टर गाठायचा. आणि चढ चढताना जबडा दुखून छातीवर दडपण आलं, घाम फुटला, तर तो जबडा नव्हेच, हृदय असू शकतं. तेव्हा शेकत बसू नका, दवाखाना गाठा. हे मी थट्टेत सांगत नाहीये.

तर मुद्दा सुनेचा. ती रोज केळवे रोडहून बोईसरला कामाला जाते. विरार-डहाणू लोकल 2013च्या एप्रिलात सुरू झाली खरी, पण एक चुकली की पुढचीपर्यंत फलाटावर दात आवळणं आलंच. तिनंही डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "मनातल्या मनात 'न' म्हणा." ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वरच्या दातांमागे टेकलेली, जबडा तिथेच विसावतो. विसर पडू नये म्हणून जागोजागी खूण चिकटवायची, दिसली की 'न'.

आता खूण म्हणून घरोघरी काय असणार? टिकल्या! फ्रिजवर टिकली, पंपाच्या बटणावर टिकली, काकांच्या स्कूटरच्या आरशावर लाल टिकली, आणि त्यावरून बाजारात काय काय बोललं गेलं ते मी लिहिणार नाही. पण जरा विचार करा, माप ओलांडल्यापासून 'हो' खेरीज काही न म्हणालेल्या केळव्याच्या सुना आता दिवसातून पन्नास वेळा 'न' म्हणतायत, आणि तेही डॉक्टरांच्या सांगण्यावरून!

काकूंनी घरभर मिळून अकरा टिकल्या लावल्यात. सुनेनं एकच. ओटीवरच्या झोपाळ्याच्या कडीवर, काकू बसतात त्याच्या बरोब्बर वर. संध्याकाळी गाडीतून उतरून ती घरी येते, काकू झोके घेत म्हणतात, "आज उशीर झाला गं?" सून कडीकडे बघते, गोड हसते आणि ओठ मिटून घेते.