विषय: काही जुन्या रहिवाशांना सभासदत्व मिळणेबाबत

प्रति,
मा. सेक्रेटरी महोदय,
अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यातली, पूर्वेची किंवा पश्चिमेची, कोणतीही सहकारी गृहनिर्माण संस्था.



आपल्या सी विंगमधला वन बीएचके विकायचा आहे, न जमल्यास भाड्याने द्यायचा आहे, असं एजंटकडून कळलं. एजंटने किंमत सांगायच्या आधी एकच विचारलं, “पार्टी कोण आहे?” या प्रश्नाचा अर्थ उपनगरातल्या शेंबड्या पोरालाही कळतो. आडनाव कोणतं, चुलीवर काय शिजतं, देव कुठला आणि लग्न झालंय का, एवढ्या नाक्यांवरून पार्टी सुखरूप पार झाली तरच चावी ड्रॉवरबाहेर येते. कमिटीची ही दक्षता पाहून काही अर्जदारांची शिफारस करण्याचं धाडस केलं आहे. सगळे अर्जदार स्थानिक आहेत. इतके स्थानिक, की ते आले तेव्हा आपल्या इमारतीच्या जागी खाजण तरी होतं, नाहीतर भातशेती.

पहिल्या अर्जदार वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या. कागदपत्रं चोख, व्यवहार रोखीचा, भाव करताना समोरच्याला घाम फुटेल असा आवाज. अडचण आहे ती बोंबलांची. बांबूच्या मांडवावर वाळणारे बोंबील समुद्रकिनारी पाहायला आलेल्या पाहुण्यांना फार आवडतात, फोटोही निघतात; तेच बोंबील लिफ्टमध्ये पिशवीतून वर जायला लागले की तातडीची सभा लागते. त्यावर एक तोडगा सुचवावासा वाटतो. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै राज्याच्या समुद्रात यांत्रिकी बोटींना मासेमारी बंद असते. त्या ६१ दिवसांपुरता भाडेकरार केला तर? सुकटीचा डबा अर्थातच घरात असणार, कारण कोळ्याचा पावसाळा सुकटीवरच निघतो. तेव्हा हाही तोडगा बाद समजावा.

दुसरं कुटुंब गुंदवली गावठाणातलं. म्हणजे अंधेरी पूर्वेचं, हायवेच्या अंगचं, मेट्रो स्टेशनला ज्याचं नाव मिळालं ते गाव. हे लोक ईस्ट इंडियन. घरात मराठी बोलतात, आजी लुगडं नेसते, लग्नात हळदीची गाणी म्हणतात, रविवारी चर्चला जातात आणि वर्षाचा बॉटल मसाला उन्हाळ्यात कुटून बाटल्यांत भरतात. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, गोवा-मंगळूरहून नोकरीला आलेल्या ख्रिश्चनांपेक्षा आपण वेगळे, इथले मूळचे, हे सरकारला कळावं म्हणून त्यांनी हे नाव घेतलं. आता कमिटीपुढे पेच असा, की यांना ‘मराठी’ म्हणून नाकारायचं की ‘ख्रिश्चन’ म्हणून? दोन वेगळ्या फायली कराव्या लागतील.

तिसरा अर्ज जरा नाजूक आहे. अर्जदार आहेत बोरिवली पश्चिमेचे मंडपेश्वर, आयसी कॉलनीशेजारच्या लेण्यात वास्तव्य. वय विचाराल तर दीड हजार वर्षांच्या आसपास. आहार शुद्ध, बेल आणि पाणी. एवढ्यावर कमिटी खूष होईल, पण पूर्वेतिहास तपासणं आपलं कर्तव्यच आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज फ्रान्सिस्कन साधूंनी याच लेण्याचं चर्च केलं आणि डोक्यावर मठ बांधला. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी साष्टी घेतली आणि पोर्तुगीज गेले. आज खाली शंकराची पूजा चालते, वर मठाचे पडके अवशेष उभे आहेत, आणि आतल्या एका भिंतीवर कोरलेला क्रूसही शिल्पांच्या शेजारी तसाच आहे. थोडक्यात, अर्जदारांनी पोटभाडेकरू ठेवले होते, तेही परधर्मी, आणि त्यांच्या खुणा अजून पुसलेल्या नाहीत. पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये हे निघाल्यावर आपण काय म्हणाल याची कल्पना आहे.

या तिघांपैकी एकही आपल्या मुलाखतीत टिकणार नाही. उपनगरात ज्यांची मुळं सर्वांत खोल, त्यांनाच उपनगरात घर मिळू नये अशी चाळणी बनवायला डोकं लागतं. त्याबद्दल अभिनंदन.

आपण ही परंपरा सुरू केली असं मात्र समजू नये. या शहरातल्या गृहनिर्माणातलं सहकाराचं मूळच जातभाईंच्या मदतीत आहे. राव बहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी १९१५ साली गावदेवीला सारस्वत सोसायटी उभी केली, आणि पुढे त्यांच्या नावाने ताडदेवला तालमकीवाडी झाली. १९१८ मध्ये वांद्र्याला साष्टीतल्या कॅथलिकांची संस्था निघाली. दादरला पारशी कॉलनी आणि हिंदू कॉलनी एकमेकींना खेटून आहेत. त्या काळी नव्या शहरात आलेल्या कारकुनाला कोणी दारात उभं करत नव्हतं, कर्ज देत नव्हतं, म्हणून आपल्यातल्या आपल्यात पैसे जमवून छप्पर उभारलं गेलं. हे समजण्यासारखं आहे. शंभर वर्षांनी, गृहकर्ज देणाऱ्या बँकेची शाखा गल्लोगल्ली असताना, तीच सोय पहारेकऱ्याच्या काठीसारखी वापरायची, हे समजायला अंमळ जड जातं.

कायद्याचा आधार हवा असेल तर तोही आहे. अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सोसायटीने पोटनियमातच लिहून ठेवलं होतं की सभासद पारशीच हवा. एका सभासदाला बाहेर विकायचं होतं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि एप्रिल २००५ मध्ये निकाल संस्थेच्या बाजूने लागला: घटनेतली समतेची कलमं सरकारला बांधतात, खासगी लोकांच्या संघाला नाही, कायद्यात मनाई नाही तोवर असा पोटनियम चालेल. निकाल पटो न पटो, पारशांचा प्रामाणिकपणा मान्य करायला हवा. त्यांनी नियम छापला, रजिस्ट्रारपुढे ठेवला आणि त्याच्यासाठी कोर्टात उभे राहिले.

आपल्याकडे काय आहे? उपनगरातल्या बहुतेक सोसायट्यांनी सरकारचे आदर्श उपविधी जसेच्या तसे स्वीकारलेत. त्यात जात नाही, धर्म नाही, मटण नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २३ मध्ये उलट असं आहे, की पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. म्हणजे आपला सगळा कारभार एजंटच्या फोनवर, वॉचमनच्या स्मरणात आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या डिलीट केलेल्या मेसेजांत. असा कच्चा दप्तरी कारभार मुंबईकरांना शोभत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंड पश्चिमेला हेच बिंग फुटलं. एका मराठी बाईंना ऑफिससाठी जागा बघताना तोंडावर सांगितलं गेलं की मराठी माणसांना इथे जागा देत नाहीत. त्यांनी ते मोबाइलवर चित्रित केलं, राज्यभर संताप झाला, गुन्हा नोंदवला गेला, बाप-लेकाला अटक झाली. त्या दोघांचं चुकलं ते एवढंच, की जे नेहमी ‘ओनरने विचार बदलला’ अशा गोड शब्दांत सांगायचं असतं, ते त्यांनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं. संताप खरा होता, योग्यही होता. पण त्या आठवड्यात तावातावाने बोलणाऱ्या किती मराठी सेक्रेटरींनी आपल्या विंगमध्ये मुसलमान भाडेकरू ठेवलेत, किंवा एकट्या राहणाऱ्या मुलीला रात्री दहानंतर गेट उघडलंय, हे कोणी विचारलं नाही. पुढच्याच वर्षी पार्ल्यातल्या ‘पार्ले पंचम’ संस्थेने नव्या इमारतींत मराठी माणसासाठी पन्नास टक्के घरं राखून ठेवावीत अशी मागणी केली. मराठी माणूस किमतीमुळे पार्ल्यातून विरार-बदलापूरला फेकला गेला, हे दुःख कोणीही नाकारणार नाही. फक्त दुखणं किमतीचं आणि औषध आडनावाचं, असं झालं की गुण येत नाही.

अगदीच वेगळी पद्धत पाहायची असेल तर गोराई किंवा चारकोपला एक चक्कर मारावी. १९८० च्या दशकात म्हाडाने जागतिक बँकेच्या पैशातून तिथे छोटे छोटे भूखंड पाडले. मध्ये सामायिक अंगण, भोवती घरं, आणि प्रत्येक घोळक्याची एक सोसायटी. शेजारी कोण, ते सोडतीत ठरलं. म्हाडाच्या सोडतीत आजही अनुसूचित जातींना ११ टक्के, जमातींना ६, पत्रकारांना अडीच आणि कलावंतांना २ टक्के घरं असतात. म्हणजे एका मजल्यावर निवृत्त सुभेदार, शेजारी तबलजी आणि त्याच्या शेजारी रात्रपाळीचा उपसंपादक, असा प्रकार संभवतो. भांडणं तिथेही होतात. ती पाण्यावरून, पार्किंगवरून आणि तबल्यावरून होतात.

आपल्या भूखंडावर पुनर्विकास येईल, तेव्हाही शेजार निवडायचं काम आपल्या हातात फारसं राहणार नाही. २०१९ पासून ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, आणि विक्रीचे फ्लॅट बिल्डर विकतो. तो ‘पार्टी कोण’ विचारतो तेव्हा त्याला फक्त चेक वटेल का, एवढंच जाणून घ्यायचं असतं.

तेव्हा विनंती एवढीच, की तिन्ही अर्जांवरचा नकार कृपया लेखी द्यावा. लेटरहेडवर, संस्थेच्या शिक्क्यासह, कारण स्पष्ट लिहून: ‘बोंबील’, ‘क्रूस’, ‘पोटभाडेकरू’, जे असेल ते. फोनवर चालणार नाही. एक स्मरण द्यावंसं वाटतं, की त्याच सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे अर्ज पोचल्यापासून तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही, तर अर्जदार सभासद झाला असं मानलं जातं. कमिटीची मासिक सभा कोरमअभावी तहकूब होण्याची सवय लक्षात घेता, मंडपेश्वरांच्या नंदीसाठी एक पार्किंग आत्ताच राखून ठेवावं. स्टिल्टमध्ये नको, त्याची शिंगं लागतात.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक शेजारी

प्रत माहितीसाठी: वॉचमन, सी विंग