दहा हजार मीटर राग

जिममध्ये बसायला मिळतं असं यंत्र एकच. सायकललाही बैठक असते. पण ती बसण्यासाठी केलेली नसते, हे तिच्यावर दोन मिनिटं काढलेला कुणीही सांगेल. ट्रेडमिलवर तर धड उभं राहण्याचीही मुभा नाही. त्या मानाने रोइंग मशीन म्हणजे पाहुणचार. खाली सरकतं आसन, पाय टेकायला पाट, हातात धरायला दांडी, समोर बघायला पडदा. आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये ते आलं तेव्हा पुढचं जाळीदार चाक पाहून बऱ्याच जणांना तो आडवा पाडलेला पंखा वाटला. कुणी जवळ जाईना. बसून करायच्या कामांत आमच्या घराण्याचा हात धरणारं कुणी नाही, म्हणून मी पुढे झालो.

पाच मिनिटांत कळलं की दांडी हातात दिली असली तरी मुख्य काम पायांचं आहे. आधी पायांनी ढकलायचं, मग कंबरेतून मागे झुकायचं, शेवटी हात पोटाशी आणायचे. परत जाताना क्रम उलटा: हात, कंबर, पाय. संपला अभ्यासक्रम. आता हे मिनिटाला वीसेक वेळा करत राहायचं. दहा हजार मीटर मारायचे तर माझ्यासारख्याला पन्नास मिनिटं लागतात, म्हणजे हजारभर वेळा तेच. मांड्या पेटणं, धाप लागणं यांवर डॉक्टरांकडे उत्तरं असतात. चौथ्या हजारात डोक्यात उगवणाऱ्या ‘पण का?’ या प्रश्नावर कुणाकडेही नसतं.

मुळात हे यंत्र ज्यांनी काढलं त्यांच्याकडे कारण होतं. अमेरिकेत व्हरमाँटमध्ये ड्रायसिगॅकर नावाचे दोघे भाऊ होते. १९७६ साली त्यांनी होडीची वल्ही बनवायचा धंदा काढला आणि १९८१ साली सायकलचं चाक वापरून हे घरात वल्हवायचं यंत्र विकायला आणलं. तिकडे थंडीत नद्या गोठतात. वल्हवणाऱ्याने करायचं काय? पुण्यात मुठा गोठत नाही; तिच्यात होडी न घालण्याची आमची कारणं वेगळी आहेत. त्याच सुमाराला बॉस्टनमधल्या काही वल्हेकऱ्यांनी या यंत्रांवरच्या शर्यती सुरू केल्या. त्यांच्या मंडळाच्या नावाचा मराठीत अर्थ ‘चार्ल्स नदीवरचे एकेकाळचे दिग्गज’ असा निघतो, आणि तिथे जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून हातोडा देतात. यंत्र ओळखणाऱ्याला या बक्षिसामागची भावना लगेच कळते.

त्याही आधी, इसवी सनापूर्वी २६० च्या सुमारास, रोमनांनी हा उद्योग केला होता. कार्थेजशी समुद्रावर लढायचं ठरलं, जहाजं बांधायला घेतली, पण वल्हवणारे कोरे. मग पॉलिबियस हा इतिहासकार सांगतो त्याप्रमाणे त्यांना जमिनीवरच बाकांवर ओळीने बसवलं, मधोमध ठेका देणारा उभा केला आणि पाण्याशिवाय मागेपुढे झुकायचा सराव करून घेतला. त्या बाकांवर कुणी ‘मोटिव्हेशन कसं टिकवायचं?’ असं विचारलं असेल, असं वाटत नाही. समोर कार्थेज होतं. माझ्यासमोर भिंत आहे आणि तिच्यावर ‘नो पेन, नो गेन’ असं लिहिलेलं पोस्टर. पोस्टरवरच्या माणसाचे दंड पाहता तो या यंत्रावर कधी बसला नसावा. पाय तर चित्रात घेतलेलेच नाहीत.

पहिला उपाय म्हणून उदात्त प्रेरणा घेऊन पाहिली. ती घ्यायला लांब जायला नको. नाशिक जिल्ह्यात चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे दत्तू भोकनळ यांचं गाव. दुष्काळी मुलूख, विहिरी खोदायचं काम, मग सैन्यात भरती, तिथे वल्ही हातात आली, आणि २०१६ साली गडी थेट रिओ ऑलिंपिकमध्ये. एकट्याने वल्हवायच्या शर्यतीत तेरावा. दोन वर्षांनी आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत सुवर्णपदक. हे आठवून अंगावर काटा आला आणि मी जोरात ओढायला लागलो. काटा साधारण आठशे मीटर टिकला. मग लक्षात आलं की त्यांनी रिओत दोन हजार मीटर सात मिनिटांच्या आत कापले होते. सात मिनिटांत माझे पायांचे पट्टे बांधून होतात. थोर माणसांचा हाच दोष: ती दुरून स्फूर्ती देतात आणि जवळ गेलं की वेळ सांगतात.

दुसरा उपाय आकड्यांचा. पडद्यावर आकडे भरपूर असतात. सगळ्यात ठळक असतो तो स्प्लिट, म्हणजे या वेगाने पाचशे मीटरला किती वेळ लागेल तो. माझा अडीच मिनिटांच्या आसपास घुटमळतो. तो दोन मिनिटांवर आणावा, अर्ध्या मिनिटाचा तर प्रश्न आहे, असा साधा विचार मी केला. पण या यंत्राचं गणित घनाचं आहे. वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट लागते. अडीच मिनिटांच्या स्प्लिटला सुमारे १०४ वॅट लागतात आणि दोन मिनिटांच्या स्प्लिटला सुमारे २०३. थोडक्यात, अर्धं मिनिट वाचवायला माझ्यासारखा आणखी एक माणूस मागे बसवावा लागतो. घरात असा माणूस तयार नव्हता.

चाकाच्या बाजूला एक ते दहा आकड्यांचा खटका असतो, त्याला डॅम्पर म्हणतात. आमच्या जिममधले सगळे पुरुष येताक्षणी तो दहावर नेतात. कारण आकडे दिसले की शेवटचा आपला, ही सवय. खरं तर तो सायकलच्या गिअरच्या जातीचा आहे. हवा किती आत घ्यायची ते ठरवतो, व्यायाम किती करायचा ते नाही. मुरलेले वल्हेकरी तीन-चार-पाचाच्या आसपास ठेवतात. मी हे समजावून सांगायला गेलो तेव्हा ‘काका, तुम्ही तीनवरच करा’ असं उत्तर मिळालं. हे वाक्य पुढे फार उपयोगी पडलं. ते का, ते येईलच.

मग करमणूक. वेब सिरीज लावली, तर चाकाच्या घोंघाटात खून कुणी केला हे कळलंच नाही. यंत्राच्या पडद्यातच माशांचा एक खेळ असतो: जोर लावला की आपला मासा वर जातो, सैल सोडला की खाली, लहान मासे गिळायचे, मोठे चुकवायचे. मी कोकणातला नसलो तरी मासे खाणाऱ्यांतला आहे, पण इथे मासेच मला खात होते.

त्यानंतरची कल्पना माझी स्वतःची आणि मला अजूनही आवडते. आळंदीहून पंढरपूरला पायी वारी जाते, रस्त्याने सुमारे २५० किलोमीटर. पण आळंदीची इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते आणि हीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. म्हणजे होडीनेही जाता येईल की! मधे उजनीचं धरण आडवं येतं, पण यंत्राला धरण लागत नाही. भिंतीवर नकाशा चिकटवला, रोजच्या मीटरांची टिकली पुढे सरकवू लागलो. तुळापूरपर्यंत मन रमलं. मग एक अडचण ध्यानात आली. वल्हवणारा पाठीकडे जातो. सगळे वारकरी पांडुरंगाकडे तोंड करून चालतात आणि मी आळंदीकडे बघत, विठ्ठलाकडे पाठ करून निघालो होतो. उजनीच्या अलीकडे नकाशा काढून ठेवला.

या सगळ्याचा निकाल आईने लावला. नातवाला शोधायला म्हणून ती एकदा क्लबहाउसमध्ये आली, माझं मागेपुढे होणं शांतपणे पाहिलं आणि म्हणाली, “एवढा वेळ जातं ओढलं असतंस, तर दोन पायल्या पीठ तरी पडलं असतं.”

बाकीच्यांना हसू आलं. मी मात्र विचारात पडलो, कारण हा सल्ला त्या क्षेत्रातल्या अनुभवी व्यक्तीचा होता. आमची आजी पहाटे जात्यावर बसायची तेव्हा तिला कुणी मोटिव्हेशन दिल्याचं ऐकिवात नाही. पोस्टर नव्हतं, वॅट नव्हते, मासे नव्हते. ओवी होती. गी पॉइटव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून महाराष्ट्रातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या, तो आकडा लाखाच्या वर गेला. लाखभर ओव्या! एवढं वाङ्मय काही पिठाच्या ओढीने होत नाही. दळण सुरू करताना देवाचं नाव घेतात हे आपल्याला पाठ असतं. पण पुढे त्या ओव्यांत काय काय येतं ते बघा: माहेरची वाट, भाऊ, आणि सासर. दिवसभर जे तोंडातून काढायची सोय नाही ते सगळं पहाटेच्या अंधारात दगडाच्या तोंडी घालायचं. समोर खुंट्याला हात लावून बसलेली जाऊही त्यात सामील. आजी जोर कुठून आणायची ते मला त्या दिवशी, सहाव्या हजारात, लख्ख समजलं. जोर गाऱ्हाण्यात असतो.

लगेच प्रयोग केला. ‘काका, तुम्ही तीनवरच करा’ हे वाक्य आठवलं. स्प्लिट बघता बघता दहा सेकंदांनी खाली आला. डॅम्पर तीनवरच होता.

तेव्हापासून मी या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला आहे. नवशिक्याने पहिली गोष्ट लक्षात ठेवावी ती ही की ताजा राग लांब पल्ल्याला चालत नाही. माझ्या पार्किंगमध्ये कुणीतरी लावलेली गाडी पाहून मी तडक यंत्रावर बसलो, पहिले पाचशे मीटर असे मारले की ट्रेनरने मान वर केली, आणि बाराशेला आडवा झालो. वल्हेकरी लोकांत याला ‘फ्लाय अँड डाय’ म्हणतात. तेव्हा पार्किंग पाचशे मीटरपुरतं. दोन हजाराला टँकरच्या बिलावरून पेटलेली सभा पुरते, कारण तिच्यात मुद्दे असतात आणि प्रत्येक मुद्द्याला आपण त्या वेळी न सुचलेलं उत्तर देऊ शकतो. पाच हजाराला ऑफिस लागतं. त्यातही चालू साहेब नको, आधीचा बरा. आणि दहा हजाराला फक्त जुनं, मुरलेलं, आता कुणाला सांगायचीही लाज वाटेल असं गाऱ्हाणं उपयोगाचं. माझ्याकडे एक आहे. कॉलेजात असताना एका मित्राने पुस्तक नेलं ते आजतागायत परत दिलेलं नाही. मध्यंतरी त्याच्या घरी गेलो तर ते कपाटात दिसलं, आणि त्यावर त्याने स्वतःचं नाव घातलेलं. हा राग भडकत नाही, विझत नाही. मिनिटाला वीस स्ट्रोकच्या ठेक्यावर तो पन्नास मिनिटं एका लयीत जळतो. ट्रेनर म्हणतो, “काका, तुमची लय आता छान बसलीय.” मी पुस्तकाचं नाव सांगत नाही.

या पद्धतीत एक धोका आहे आणि तो कुठलाही ट्रेनर सांगणार नाही. सात हजार मीटरच्या पुढे, घाम चांगला सुटला आणि श्वास लयीत आला की समोरच्याची बाजू पटायला लागते. पार्किंगवाल्याची आई त्या दिवशी दवाखान्यात होती, हे आठवतं. टँकरचं बिल तसं रास्तच होतं. पुस्तक आपण तरी वाचलं असतं का? मन निवळतं, चेहऱ्यावर मंद हसू येतं आणि स्प्लिट पावणेतीन मिनिटांवर जातो. व्यायामाने स्वभाव सुधारतो म्हणतात ते खरं आहे, पण सुधारलेल्या स्वभावाने शेवटचे तीन हजार मीटर निघत नाहीत. म्हणून मी एक गाऱ्हाणं नेहमी राखीव ठेवतो. सभांना नियमित जातो. पूर्वी टाळायचो, आता पहिल्या रांगेत बसतो आणि कुणी बोलायला उठलं की वहीत टिपून घेतो. चेअरमनना वाटतं मला सोसायटीच्या कारभारात रस निर्माण झालाय. मला पुढच्या आठवड्याची तजवीज करायची असते.

बायको म्हणते, माझं वजन कमी झालंय आणि घरात आवाजही. दोन्ही खरं आहे. जे पूर्वी जेवणाच्या ताटावर निघायचं ते आता चाकात जातं. ती मधूनमधून मुद्दामच एखादी जुनी गोष्ट काढते आणि मी तोंड उघडायच्या आत बूट पुढे ठेवते.

आता डोळा मॅरेथॉनवर आहे. यंत्रावरही ती पुरती ४२,१९५ मीटरचीच असते. माझ्या वेगाने साडेतीन तास. पार्किंग, पाणी, साहेब, पुस्तक, सगळं एकत्र धरलं तरी पंचवीस हजाराच्या पुढे जात नाही. एवढा राग एका सोसायटीत साठतच नाही. त्यासाठी नातेवाईक लागतात. दिवाळीला सगळ्यांना आमच्याकडे चार दिवस राहायला बोलावलं आहे.