माणूस मुळात कामचुकार

डग्लस मॅकग्रेगर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने 1960 साली साहेबांच्या दोन जाती सांगितल्या (बीडमध्ये ‘जात’ हा शब्द जपूनच वापरावा लागतो). एकीला वाटते, माणूस मुळात कामचुकार, मागे दांडका घेऊन उभे राहिल्याशिवाय हलत नाही. दुसरीला वाटते, विश्वास टाकला तर तो आपणहून राबतो. आमचा साहेब दोन्ही जातींचा. समोर कोण उभे आहे ते बघून तो ठरवतो.

दसरा सरला की धारूर, वडवणी, शिरूर कासारकडून ऊसतोड मजुरांच्या गाड्या भरभरून साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. मजूर पळून जाणारच, हे गृहीत. म्हणून आधी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देऊन बांधून घ्यायचा. नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसे दोन, हिशेब एका हत्याराचा. अंधारात फडात उतरणारी बाई दुखण्याने एक दिवस कोपीत पडून राहिली की खाडा, म्हणजे दंड. तिला सूट दिली तर उद्या सगळ्याच कण्हायला लागतील, एवढे मनुष्यस्वभावाचे ज्ञान टोळीच्या मुकादमाला उपजतच असते. 2019 मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या वेळी जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. बघा, किती कामचुकार बायका! खाडा पडू नये म्हणून पिशवीच काढून आल्या.

आता कारखान्याच्या वजनकाट्यावर चला. इथे सिद्धांत उलटा. कारखानदार मुळात प्रामाणिक, तेव्हा मोळ्यांचे वजन तो सांगेल ते. कारखाना बुडाला तर दोष हवामानाचा, साखरेच्या भावाचा, केंद्राचा; संचालकांच्या स्वभावाचा कधीच नाही. सहकारी कारखान्याच्या कर्जाला सरकार थकहमी देते. मजुराच्या उचलीला हमी त्याच्या बायकोच्या कंबरेची.

निवडणुकीपुरता मात्र हाच कामचुकार कष्टाळू, स्वाभिमानी, लढवय्या होतो. मेळाव्याच्या मांडवात त्याच्यावर केवढा विश्वास! तिथे खाडा नसतो, जेवण असते.

मजुरांच्या ‘कोयता बंद’च्या, म्हणजे तोडणी थांबवण्याच्या, इशाऱ्यानंतर जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला. त्याच वाटाघाटीत मुकादमाचे कमिशनही वाढले. शेवटी उचल वसूल करायला विश्वासाचा माणूस लागतोच.